घरी कोण कोण असतं?

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला 'वाशीमचा इतिहास' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. वत्सगुल्म आणि वाकाटक, बालाजीचं मंदिर, पद्मतीर्थ यांवर आजवर पुष्कळ लिहून झालेलं आहे आणि माझ्यापेक्षा जाणत्या लोकांनी ते लिहिलेलं आहे. मी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांची खाती सांभाळली. त्यामुळे जो इतिहास मी जवळून पाहिला तो राजांचा नाही, घराघरांतल्या माणसांचा आहे. कोणत्या वयात कोण घरात असायचं, कोण बाहेर पडायचं, म्हातारपणी कोण कोणापाशी राहायचं, एवढाच. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, त्या निमित्तानं हा हिशेब मांडतो. असं लिहावंसं वाटायला एक प्रसंगही कारण झाला. तो ओघात येईलच.

अर्जातला रकाना

मी १९७३ साली बँकेत लागलो. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं. खेड्यापाड्यांत शाखा निघत होत्या आणि पीककर्ज, विहीर, बैलजोडी यांसाठी शेतकरी पहिल्यांदाच बँकेची पायरी चढत होता. कर्जाच्या अर्जात 'कुटुंबातील व्यक्ती' असा एक रकाना असे. मी विचारायचो, "घरी कोण कोण असतं?" प्रश्न सोपा, पण सरळ उत्तर क्वचितच मिळे.

मालेगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं उत्तर अजून लक्षात आहे. "सायेब, खानारे अकरा हायेत. सातबाऱ्यावर तिघाईचं नाव हाये. अन् रातच्याले घरात निजनारे म्हनसान तं पाच. बाकीचे वावरात, कोठ्यात, नाहीतं ओसरीवर." मी रकान्यात अकरा लिहिलं. व्यवस्थापकांनी तपासताना ते खोडून तीन केलं, कारण जमीन ज्यांच्या नावावर, कर्ज त्यांनाच.

त्या म्हाताऱ्यानं घर मोजण्याचे तीन मार्ग एका दमात सांगून टाकले होते: चुलीवरून, सातबाऱ्यावरून आणि अंथरुणावरून. आपली जनगणना पहिला मार्ग धरते. नेहमी एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरातलं अन्न खाणारे लोक म्हणजे एक कुटुंब, अशी तिची व्याख्या आहे. वऱ्हाडातल्या बोलण्यातही तेच आहे. भाऊ वेगळे झाले की 'चूल न्यारी केली' असं म्हणतात, मग राहायला एकाच वाड्यात का असेनात. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा म्हणून एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवपूजा यांचा विचार केला आहे. माझ्या अनुभवात या सगळ्या खुणा एकाच घरात एकाच वेळी फार थोडी वर्षं टिकायच्या.

एकत्र कुटुंब किती दिवस एकत्र?

आमचं घर रिसोड भागातल्या एका खेड्यातलं. ढाळज, ओसरी, माजघर, मागं गुरांचा कोठा. मोठे बाबा, आमचे बाबा आणि काका असे तीन भाऊ, त्यांच्या बायका आणि आम्ही चुलत-सख्खी मिळून दहा-अकरा पोरं. पंगत बसली की आधी माणसं, मग पोरं, आणि सगळ्यात शेवटी बाया. मोठी माय टोपलीतल्या भाकरी मोजून वाढायची. आज कुणी 'आमच्या वेळचं एकत्र कुटुंब' म्हणून उसासा टाकलं की मला ती टोपली आठवते. शेवटच्या पंगतीला किती भाकरी उरत, हे त्या बायांनाच विचारायला हवं.

या घरात आजोबा नव्हते. बाबा विशीत असतानाच ते गेले. आमचंच नाही, त्या पिढीत पुष्कळ घरांत आजोबा नसत. १९०१ ते १९११ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होतं आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला ते बत्तीसच्या घरात आलं. ही सरासरी लहान मुलांच्या मृत्यूंमुळे खाली येते हे खरं. म्हणजे मोठी झालेली सगळीच माणसं बत्तिशीत मरत होती असं नव्हे. तरी नातवाच्या लग्नापर्यंत जगणारा म्हातारा दुर्मीळच होता. वऱ्हाडानं तर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन दुष्काळ पाहिले. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत इथली लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं मध्यप्रांत-वऱ्हाडात फार माणसं नेली, आणि त्या साथीत तरणीताठी माणसं जास्त गेली. तीन पिढ्या एका छपराखाली राहायच्या तर तीन पिढ्या जिवंत असाव्या लागतात!

मग एकत्र कोण राहायचं? मुख्यतः भाऊ. आणि ते का राहायचे, यालाही वयाचं कारण आहे. मुलींची लग्नं फार लवकर होत. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं, तेसुद्धा खेड्यांत किती पाळलं जाई कोण जाणे. चौदा वर्षांची पोर स्वतंत्र संसार काय मांडणार? ती सासूच्या नाहीतर मोठ्या जावेच्या हाताखालीच राहणार. त्या घरात 'पंचविशीचा अविवाहित माणूस' अशी जागाच नव्हती. माणूस पोर असायचा, नाहीतर बाप.

निवृत्तीनंतर वाचनालयात बसायची सवय लागली, तेव्हा समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांच्या १९७३ सालच्या पुस्तकाबद्दल वाचलं. गुजरातेतल्या खेड्याच्या अभ्यासावरून त्यांनी दाखवलं की पूर्वी सगळे एकत्र राहत आणि आता सगळे वेगळे झाले ही समजूत बरोबर नाही. एकच घर काही वर्षं मोठं असतं, मग फुटतं, लहान होतं आणि मुलांच्या लग्नांनी पुन्हा वाढतं. मला ते ताबडतोब पटलं. आमच्या गावचा हिशेब असाच होता. विशीत माणूस बापाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या चुलीवर जेवायचा. तिशी-चाळिशीत भावाभावांची चूल एक असायची. पोरं लग्नाला आली, खर्चाची ओढाताण सुरू झाली की चाळिशी-पन्नाशीत वाटण्या व्हायच्या. मग तोच माणूस स्वतःच्या घराचा कर्ता व्हायचा, सुना आणायचा, आणि पुढं त्याच्या पोरांत पुन्हा तेच. एकत्र कुटुंब ही आयुष्यातली एक पायरी होती. सगळं आयुष्य त्या पायरीवर कुणीच बसून राहत नव्हतं.

आमची वाटणी

आमच्याकडे वाटणी १९७५ च्या उन्हाळ्यात झाली. तो काळच वाटण्यांचा होता. कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ चा, पण २ ऑक्टोबर १९७५ पासून मर्यादा खाली आली आणि कोरडवाहू जमिनीला ती ५४ एकर ठरली. त्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सज्ञान मुलाचा हिशेब निराळा. मोठ्या खातेदारांच्या घरांत त्यामुळे कागदावर वाटण्या झाल्या, चूल मात्र एकच राहिली. १९७० नंतरच्या अशा व्यवहारांकडे सरकार संशयानं पाहत असे. पीककर्जाच्या निमित्तानं हे कागद माझ्या टेबलावर यायचे. बाप कर्ता म्हणून अंगठा द्यायचा आणि वेगळा झालेला मुलगा त्याच्याच बैलगाडीतून बँकेत आलेला असायचा.

आमची जमीन त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हती. आमची वाटणी खरी होती. पंच म्हणून गावातली चार माणसं ओसरीवर बसली. वावरं झाली, बैल झाले, मग भांडी मांडली. तांब्याचं घंगाळ एकच होतं, ते काकांकडे गेलं. मोठी माय आणि माझी माय या दोघी जावा माजघरात एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि संध्याकाळी दोन चुली पेटल्यावर माझ्या मायनं पहिल्यांदा स्वतःच्या मनानं भाजी केली. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. एकच सांगून दुसरी लपवली तर तो इतिहास होत नाही.

पुढची गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगतो. १९८१ साली बाबा गेले. आम्ही तीन भाऊ, एक बहीण. जमिनीच्या फेरफारासाठी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्शात तिला वाटा होता, पण 'माहेर तुटू नये' म्हणून तिनं सही केली आणि आम्ही तिला साडी-चोळी केली. सगळेच तसं करत होते. मायचं काय, तर चार-चार महिन्यांची पाळी ठरली. मी त्या वेळी बदलीच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत. माय पत्र्याची पेटी घेऊन यायची, आणि महिना भरत आला की विचारायची, "आता माहा नंबर कोनाकडं हाये?" आम्हाला ती व्यवस्था अगदी न्याय्य वाटत होती, कारण हिशेब बरोबर होता.

शेवटची दोन वर्षं माय बहिणीकडे राहिली. जिनं सही करून सगळं सोडलं होतं तिच्याकडेच! पुढे २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं विवाहित मुलींनाही तो मिळाला. आमच्या बहिणीला त्याचा काही उपयोग नव्हता. पण आता कुणी सभासद 'मुलीकडे कसं राहायचं?' असं म्हणाला की मला राहवत नाही.

खिडकीच्या आतून

बँकेच्या खिडकीतून घरांचं रूप बदलताना दिसत होतं. सत्तरच्या दशकात खातं बहुधा एकट्या कर्त्याचं असे. मग नवरा-बायकोची 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी खाती वाढली. १९८५ पासून ठेवींवर नामनिर्देशनाची सोय आली. त्याआधी ठेवीदार वारला की त्याच्या पश्चात कागदांसाठी सगळ्या भाऊबंदांना गोळा करावं लागे. नामनिर्देशनाच्या फॉर्मवर लोक आधी भावाचं नाव लिहीत, नंतर बायकोचं, नंतर मुलाचं. नव्वदीच्या अखेरीस मुलीचंही नाव दिसू लागलं.

आणि नोव्हेंबर महिना! पेन्शनरांचा हयातीचा दाखला. निवृत्त गुरुजी, तलाठी, पोलीस, त्यांच्या विधवा, सगळे रांगेत. सुरुवातीला प्रत्येक म्हाताऱ्याबरोबर कुणीतरी असे, मुलगा नाहीतर नातू. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकटे येणारे वाढले. सही करताना हात कापायचा आणि धरायला शेजारी कुणी नसे. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' निघालं, बोटाच्या ठशावर घरबसल्या काम होतं. सोय झाली, यात शंका नाही. फक्त त्या रांगेत वर्षातून एकदा आम्हाला कळायचं की कोण कसं आहे, ते आता कळत नाही.

जिल्हा झाला आणि आपण आलो

इंग्रजी अमलात बाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला आणि वाशीम अकोल्याला जोडलं गेलं. १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, निरनिराळ्या खात्यांची कार्यालयं आली आणि त्यांच्यामागं माणसं आली. भाड्यानं घर मिळेना. त्यातून गावाभोवती वावरं अकृषक होऊन ले-आउट पडले, आणि त्यातच आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली.

आपण त्या वेळी कोण होतो? बहुतेक सगळे पस्तीस ते पन्नासमधले. शिक्षक, लिपिक, बँकवाले, दोन-चार दुकानदार. सगळ्यांची पोरं शाळेत. पुष्कळ घरांत गावाहून आणलेली आई किंवा वडील. संध्याकाळी मधल्या मोकळ्या प्लॉटवर क्रिकेटचा एवढा आरडाओरडा असायचा की सचिवांना सूचना फलकावर लेखी समज लावावी लागली होती. ती सूचना आजही दप्तरात आहे.

आणि आपण सगळ्यांनी एक गोष्ट केली. घर बांधताना स्लॅबवर कॉलमच्या सळया वर सोडल्या. 'खाली आपण, वरचा मजला पोराचा.' ज्यांना दोन मुलगे त्यांनी दोन जिने काढले. आम्ही भावांपासून वेगळं होऊन स्वतंत्र घर बांधत होतो आणि त्याच घरात पुढच्या एकत्र कुटुंबाची तयारी करून ठेवत होतो. मीही कर्ज वाढवून वरचा मजला पूर्ण केला. आज गच्चीवर गेलं की चारी बाजूंना गंजलेल्या सळया दिसतात. काहींनी पाणी उतरू नये म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या आहेत.

आज वयवार मांडलं तर

अठरा ते पंचवीसमधली आपली पोरं अकोला, लातूर, पुणे, नागपूर इथं वसतिगृहात किंवा क्लासच्या खोल्यांत. पंचवीस ते पस्तीसमधली पुण्या-मुंबईला, तीन-चार मित्रांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये. त्यांची चूल म्हणजे डबा. बाहेर राहणारा, कमावता, अविवाहित माणूस ही पायरी आमच्या आजोबांच्या वेळी नव्हतीच, आता ती दहा-बारा वर्षांची झाली आहे. पस्तीस ते पंचावन्नमध्ये नवरा-बायको-एक मूल. साठीनंतर दोघं. पंचाहत्तरीनंतर पुष्कळदा एक. माझ्या घरासमोरच्या रांगेत सहा घरं आहेत. त्यांतल्या चार घरांत दोघंच राहतात.

हे आपल्यापुरतं झालं. जिल्ह्याचं चित्र एवढंच नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या ११ लाख ९७ हजार लोकांपैकी शंभरातले जेमतेम अठरा शहरांत राहत होते. खेड्यांत उलट अडचण आहे. पस्तिशीचा शेतकरी मुलगा आईबापांजवळच आहे, पण सोयाबीनच्या भरवशावर त्याला मुलगी द्यायला कुणी तयार नाही. मानोरा-मंगरूळपीर भागातल्या तांड्यांतून दिवाळीनंतर कामाला बाहेर जाणारी जोडपी आहेत. त्या घरांत चार-सहा महिने आजी-आजोबा आणि नातवंडं, मधली पिढीच नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यात कुठं म्हातारे एकटे, कुठं तरणे अडकलेले, कुठं मधलेच गायब.

देशाचे आकडे थोडक्यात सांगतो. २००१ साली भारतात एका कुटुंबात सरासरी ५.३ माणसं होती, २०११ साली ४.९ च्या आत आली. साठीवरचे लोक २०११ साली सुमारे १० कोटी ४० लाख होते. मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये वृद्धांची मोठी पाहणी केली, तीत साठीवरच्या शंभरात सुमारे सहा जण अगदी एकटे राहताना आढळले. सहा म्हणजे थोडेच की, असं वाटेल. पण कोटींना लावून पाहा.

जगातही सगळं एका दिशेनं चाललेलं नाही. फिनलंडमध्ये मुलं सरासरी एकविसाव्या वर्षी घर सोडतात, तर क्रोएशियात तिशी उलटल्यावर. जपानमध्ये २०२० च्या जनगणनेत शंभरातली अडतीस घरं एकेकट्या माणसाची होती. त्याच वर्षी कोरोनामुळे अमेरिकेत अठरा ते एकोणतीस वयाची निम्म्याहून जास्त माणसं आईवडिलांकडे राहत होती. आपल्या सोसायटीतही २०२० च्या टाळेबंदीत हेच झालं. वरचे मजले उघडले, लॅपटॉप लागले, गच्चीवर पतंग उडाले. आपल्या रांगेत बऱ्याच वर्षांनी सगळ्या घरांत दिवे होते. मग कंपन्यांनी बोलावलं आणि पोरं गेली. त्यांच्यावर माझा राग नाही. मीही पोटासाठी गाव सोडलंच होतं, आणि माझ्या मायला मी पाळीवर ठेवलं होतं. माझ्या मुलानं मला पाळी लावलेली नाही, तो पुण्याला 'कायमचे या' म्हणतो.

फाटकावरची पिशवी

आता तो प्रसंग. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला. आपले एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त गुरुजी, पत्नी गेल्यापासून एकटेच राहत होते. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. सकाळी फिरायला निघालो तेव्हा त्यांच्या फाटकाला दुधाची पिशवी लटकलेली दिसली. 'गुरुजी पोराकडे गेले वाटतं, दूधवाल्याला सांगायचं विसरले,' असं मनात म्हणालो आणि पुढं गेलो. परत येताना पुन्हा पाहिली. घरी आलो, चहा घेतला, पेपर वाचला. दुपारी पेपरच्या बिलासाठी आलेल्या पोरानं आतून आवाज ऐकला. गुरुजी रात्रीच न्हाणीघरात पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. पंधरा-सोळा तास थंड फरशीवर. हाका मारून घसा बसला होता.

ते वाचले. ऑपरेशन झालं, मुलगा पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप आहे. फोनवर बोलतात तेव्हा म्हणतात, "तुमचा काही दोष नाही हो." पण मी ती पिशवी दोनदा पाहिली होती. आमच्या भिंतीत नऊ इंचांचं अंतर आहे. खेड्यातल्या वाड्यात वाटणी झाली तरी शेजारच्या चुलीतून धूर निघाला नाही हे लगेच कळायचं, आणि भांडण असलं तरी कुणी पोराला पाहायला पाठवायचं. चुली वेगळ्या करायला आपण शिकलो, त्यात काही वाईट झालं असं मला वाटत नाही. धूर पाहायचं मात्र सोडून दिलं.

म्हणून काही सूचना

वार्षिक सर्वसाधारण सभेत मी या गोष्टी मांडणार आहे. इथं लिहून ठेवतो.

एक, ज्या घरात साठीवरची एक किंवा दोन माणसंच आहेत त्यांनी घराची जादा किल्ली शेजारी एका घरी ठेवावी आणि बाहेरगावी जाताना तिथं सांगून जावं. दोन, मुलांचे फोन नंबर सचिवांकडच्या एका वहीत असावेत. आज ते नाहीत, गुरुजींच्या मुलाचा नंबर शोधण्यात तास गेला. तीन, नामनिर्देशन सगळ्यांनी भरावं. मात्र २०१९ च्या सहकार कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे नामनिर्देशित व्यक्ती ही तात्पुरती सभासद असते, मालक वारसच. म्हणून मृत्युपत्रही करावं, त्यात मुलींना विसरू नये, आणि जिवंतपणी घर मुलांच्या नावे बक्षीस देण्याची घाई करू नये. दिलंच तर सांभाळ करण्याची अट कागदात लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं अट मोडल्यास तो कागद रद्द करून मागता येतो. चार, रिकामे वरचे मजले भाड्यानं द्यावेत. 'बाहेरची माणसं नकोत' हा आपला २००८ चा ठराव आता बदलायला हवा.

चौथी सूचना मी आधी स्वतः करून पाहिली. जूनपासून आमच्या वरच्या मजल्यावर दवाखान्यात काम करणाऱ्या दोन मुली भाड्यानं राहतात. आमची ही आधी तयार नव्हती. 'तो मजला पोराचा आहे' म्हणाली. मुलालाच फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, मी दिवाळीत चार दिवस येतो, खाली गादी टाका." मुलींची चूल वेगळी, येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या. रात्रपाळीहून आल्या की जिना चढताना हाक मारतात, "आजी, उठल्या का?" हिनं उत्तर दिलं नाही तर दार वाजवायचं, असं ठरलेलं आहे. आमची किल्ली त्यांच्याकडे आहे.

पुण्याला कायमचं जायचं का, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. तीन महिने राहून आलो. सून चांगली आहे, नातू गोड आहे, पण अकराव्या मजल्यावर मला कुणी ओळखत नाही. दोघं आहोत तोवर इथंच, एवढं ठरलं आहे. एक राहील तेव्हा त्या एकानं ठरवावं. कुणाच्या पाळीनं ठरू नये.

२०२१ ची जनगणना कोरोनानं राहिली, आता २०२७ मध्ये होणार आहे. आपल्याकडे मोजायला कुणी मास्तर नाहीतर बाई येतीलच, आणि मी अर्जदारांना विचारत होतो तोच प्रश्न मला विचारतील. चुलीच्या हिशेबानं मी 'दोघं' सांगेन, कारण फॉर्म खरा भरायचा असतो. वर राहणाऱ्यांचा फॉर्म वेगळा. पण बाईंना चहा देताना त्या मालेगावकडच्या म्हाताऱ्याची गोष्ट मी नक्की सांगणार आहे.

रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना, इथं असलेल्यांना आणि कुलूप लावून गेलेल्यांनाही, मनापासून शुभेच्छा. किल्ल्यांचं तेवढं सभेत मनावर घ्या.